अंबूच्या पायातलं घुंगूर

मिरजेत दवाखान्यांच्या रांगेत एक औषधांचं दुकान आहे. त्या दुकानाच्या काउंटरमागं संयोगिता गेली कित्येक वर्षं उभी आहे. माहेर आष्ट्याचं, उसाच्या मळ्यातलं. नवरा ऋषिराज फौजेतून सुभेदार होऊन परत आला आणि आता एका शीतगृहावर राखणीचं काम बघतो. मुलगी पुण्यात शिकते. वरवर पाहिलं तर घोर लागावा असं त्या घरात काही नाही. पण संयोगिताचा स्वभावच धास्तीचा. डॉक्टरांची चिठ्ठी एकदा वाचून तिचं भागत नाही. गोळ्यांचं पाकीट पिशवीत घातलं की ती ते पुन्हा बाहेर काढते, नाव वाचते, ताकद वाचते आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात देते. रांगेतली माणसं चुळबुळ करतात. मालक म्हणतात, "मॅडम, जरा हात उचला." पण एका अक्षराच्या फरकानं माणूस हकनाक जातो, हे तिला पक्कं ठाऊक.

म्हणूनच की काय, तिला गोष्टी लिहायला आवडायचं. गोष्टीत चूक झाली तर कुणी दगावत नाही, असं तिला वाटायचं.

तिच्या गोष्टी जुन्या काळातल्या असत. हल्लीच्या माणसांवर लिहायची तिला भीती वाटे. न जाणो कुणाला काय लागेल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची माणसं बरी, ती तक्रार घेऊन येत नाहीत. सुट्टीच्या दिवशी ती सकाळची एसटी धरून साताऱ्याला जायची आणि तिथल्या एका जुन्या ग्रंथालयात दिवस काढायची. तिथले ग्रंथपाल जयराज तिला ओळखायला लागले होते. ती आली की ते खिडकीजवळचं टेबल रिकामं करून द्यायचे.

त्या वर्षी ती एका घोडेस्वारावर कादंबरी लिहीत होती आणि घोड्याच्या चाऱ्यापाशी अडली होती. दुष्काळात कडबा मिळेना तेव्हा लोक घोड्याला घालत काय, हे तिला कळेना; आणि ते कळल्याशिवाय पुढचं पान लिहवेना. जयराजनी तिला १८९९ च्या दुष्काळावरचा सरकारी अहवाल काढून दिला. पानं अशी झाली होती की उलटताना कडा बोटाला चिकटून यायच्या. ती चारा शोधत होती. चाऱ्याच्या पुढच्याच पानावर एका तलावाच्या कामाची हकीकत होती. दुष्काळी माणसांना पोटापाण्यासाठी खडी फोडायला लावलेलं काम. त्यात एका साहेबानं लिहिलं होतं, की कामावरच्या बायका लहान पोरांना दोरीनं खुंट्याला बांधून ठेवतात, पोरं हरवल्याच्या तक्रारी फार येतात, तरी मुकादमांनी लक्ष घालावं. बस्स, एवढंच. पुढच्या ओळीपासून पुन्हा चुना आणि खडी.

संयोगितानं ती ओळ पुन्हा वाचली. घोडेस्वार तिच्या डोक्यातून तिथंच उतरला.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. डोक्यात नुसते प्रश्न. दोरी केवढी लांब असेल? पोर हरवलं की बाई कुणाकडं जात असेल? हरवलेल्या पोराला नाव विचारलं तर ते आपलं नाव सांगत असेल, की नुसतं "आई" म्हणत असेल? साहेबाला तक्रारी दिसल्या होत्या, तक्रार करणारी बाई दिसली नव्हती. कराड यायच्या आत त्या बाईला चेहरा आला. ती मेंढरामागची बाई झाली, मेंढरं दुष्काळात मेलेली. आणि मग संयोगिताला वाटलं, मेंढरामागची बाई पोरीला दोरीनं बांधणार नाही. ती कोकराला बांधतात तसं घुंगूर बांधेल, पोरीच्या पायात. हात खडी फोडतील आणि कान घुंगराकडं राहतील. इस्लामपूर मागं पडलं तेव्हा पोरीचं नाव ठरलं होतं. अंबू.

गोष्ट तिनं भराभर लिहिली. एक दिवस घुंगूर वाजायचं थांबतं आणि आई मागं वळून बघत नाही. कारण तिनंच अंबूला वाटेवरच्या गाडीवाल्यांच्या हवाली केलेलं असतं. बदल्यात पायलीभर जोंधळा घेतलेला असतो, मागं राहिलेल्या तिच्या भावासाठी. अंबू जगते, कृष्णाकाठी कुठंतरी म्हातारी होते आणि वाटेनं मेंढरं चालली की दारात येऊन उभी राहते. एका दिवाळी अंकात ती छापून आली. दोन-चार ओळखीच्यांनी फोन करून चांगलं म्हटलं. संयोगिता पुन्हा घोडेस्वाराकडं वळणार होती.

दिवाळी सरल्यावर एका दुपारी, काउंटरवर गर्दी असताना, तिचा मोबाइल वाजला.

"संयोगिता म्याडम का? मी तानाजी बोलतोय, सेलमवरनं. गाव आमचं आटपाडीकडं."

आटपाडी-विट्याकडची माणसं देशभर गलाईची दुकानं चालवतात, सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची. त्यातला कुणीतरी असणार आणि घरच्यांसाठी औषध हवं असणार, असं समजून ती म्हणाली, "बोला ना."

"ती अंबूची गोष्ट तुमी लिवली न्हवं?"

"हो."

"कुणी सांगितली?"

"कुणी नाही. मी लिहिली."

"लिवली तुमी, ते दिसतंय. सांगितली कुणी, ते इच्यारतोय. अंबू आमच्या घरातली हाय. माझ्या खापरपणज्याची भन. तळ्याच्या कामावर हरवली ती, पायात घुंगूर व्हतं. आमच्या घराभायेर हे आता कुणाला ठावं न्हाई. आन तुमी लिवलंय की तिच्या आईनं तिला जुंधळ्यावर दिली. आमच्या मूळ आईनं पोर इकली, आसं छापलंय तुमी. हे तुमाला कुणी सांगितलं?"

"मी नंतर फोन करते," एवढं म्हणून संयोगितानं फोन ठेवला. समोरच्या माणसाला पाकीट दिलं, पैसे घेतले, आणि तो रस्ता ओलांडायला लागल्यावर तिच्या ध्यानात आलं की पाकीट पुन्हा बाहेर काढून वाचलेलं नाही. ती तशीच दुकानातून धावत सुटली आणि रिक्षांच्या मधून त्याला गाठलं. गोळ्या बरोबर होत्या. माणूस तिच्या तोंडाकडं बघतच राहिला.

त्या दिवसापासून मोबाइल वाजला की ती आधी नंबर बघायची. हल्ली कुणाच्या भावना कशानं दुखावतील आणि कोण घोळका घेऊन दारात येईल याचा नेम नाही. दुकानासमोर माणसं उभी आहेत, कुणी मोबाइलवर चित्रण करतंय, मालक बाजूला सरकलेत, असं तिला दिवसाढवळ्या दिसायचं. तिनं संपादकांना फोन केला, तर ते खूशच झाले. "अहो, चर्चा होऊ दे की," म्हणाले. ऋषिराजनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू हे कुठून ऐकलं होतंस का?"

"नाही."

"नक्की?"

इथंच सगळी मेख होती. ती नक्की म्हणू शकत नव्हती. तेच नाव असणं समजण्यासारखं होतं. अंबू नावाच्या पोरी त्या काळी गावोगाव असतील. पण घुंगूर? पुढच्या सुट्टीला ती साताऱ्याला गेली आणि तो अहवाल पुन्हा मागवला. दोरी होती, खुंटे होते, घुंगूर कुठंच नव्हतं. जयराजनी आणखी दोन जुनी बाडं काढून दिली. त्यांतही नव्हतं. आपण बनवलं म्हणून मिरवतो ते कुणाचं तरी उचललेलं असावं, आणि कुणाचं ते आपल्याला आठवूही नये, याची तिला लाज वाटली आणि भीतीही.

मग तानाजीचा दुसरा फोन आला. आवाजातली धार गेली होती.

"म्याडम, म्हातारी जेवंना झालीया. माझी आजी, हरणाबाई. माझ्या बायकूनं, मायानं, तिला तुमची गोष्ट वाचून दावली. तवापास्नं एकच धरून बसलीया. म्हणून मी सेलमवरनं गाव गाठलंय. बोला तिच्यासंगं."

फोन हातातून हातात गेला. मग एक बारीक, कोरडा आवाज आला.

"बाय, तू अंबूच्या माणसास्नी भेटलीस का गं?"

संयोगिताला प्रश्नच कळला नाही.

"घुंगराचं आता आमच्याबिगर तिच्या माणसास्नीच ठावं. तिनं लेकीला सांगितलं आसंल, लेकीनं तिच्या लेकीला. त्यांनीच तुला सांगितलं न्हवं? म्हंजी जगली ती. कुठं हायती तिची माणसं? लांब हायती का?"

घोळक्याची भीती एक, आणि म्हातारीच्या या आशेची दुसरी. ही पहिलीहून वाईट होती. फोनवर सांगून टाकणं तिच्यानं झालं नाही. "आजी, मी येते तिकडं," ती म्हणाली. ऋषिराज सोबत येतो म्हणत होता. तिनं नको म्हटलं. लष्करी मिशांचा माणूस बरोबर नेला तर भांडायला आल्यासारखं दिसेल, असं तिला वाटलं. तासगाव गेल्यावर मात्र तिला पश्चात्ताप व्हायला लागला. भिवघाटापाशी रान उघडं पडत गेलं, वारा खिडकीतून धूळ आणत राहिला, आणि ती मनाशी वाक्यं जुळवत राहिली. कुठलंही वाक्य दोनदा म्हटलं की खोटं वाटायला लागायचं.

आटपाडीच्या स्टँडवर तानाजी जीप घेऊन आला होता. ठेंगणा, रुंद खांद्याचा माणूस. तेजाबात काम करून बोटांची टोकं पिवळी पडलेली. त्यानं नमस्कार केला, पाण्याची बाटली पुढं केली आणि जीप वस्तीकडं काढली. दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा, मध्येच पडीक माळ. एकदाच तो म्हणाला, "तिला काय बी बोला, पर सोडून जाऊ नका निम्म्यात."

घर नवं, स्लॅबचं. ओट्यावर घोंगडं टाकून हरणाबाई बसली होती. वय ऐंशीच्या पुढं. नवं कोरं लुगडं नेसलेली, कपाळावर भंडारा. तिच्या शेजारी पितळेच्या ताटात एक हिरवी साडी, खण, नारळ आणि मूठभर गहू ठेवले होते.

"ये बाय," म्हातारीनं तिला शेजारी बसवून घेतलं. "हे तिच्या लेकीसुनांस्नी पोचव. सव्वाशे वरसांत तिला म्हायेरची चोळी मिळाली न्हाई."

माया चहा घेऊन आली आणि दाराला टेकून उभी राहिली. तानाजी पायरीवर बसला. संयोगितानं चहाचा कप बाजूला ठेवला.

"आजी," ती म्हणाली, "मी अंबूच्या कुणालाच भेटलेले नाही. असं कुणी मला माहीत नाही. मी जुनं पुस्तक वाचत होते. त्यात एवढंच होतं की कामावर पोरं हरवायची. त्यावरून मी माणसं मनानं बनवली. अंबू पण मनानंच."

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. "मनानं म्हंजी?"

"म्हणजे असं झालं असेल का, असा विचार करून."

"घुंगूर बी इच्यार करून?"

"हो. मला तसंच वाटतं."

"मग नाव कसं तेच आलं?"

"आलं," संयोगिता म्हणाली. पायरीवरचा तानाजी मान खाली घालून पिवळी बोटं एकमेकांवर घासत होता. हरणाबाईचा विश्वास बसलेला नव्हता, हे उघड दिसत होतं. ही बाई काहीतरी लपवतेय, अंबूच्या माणसांनी हिला सांगू नको म्हटलं असेल, असं काहीसं तिच्या मनात चालू असावं. तिनं वाट बदलली.

"तुजं गाव कुठलं?"

"मिरजेत असतो आम्ही. माहेर आष्टा."

"आष्टा." म्हातारीचा चेहरा जरा सैल झाला. "आष्ट्याला आमची मेंढरं बसायची की. दर साली. पाऊस सरला की आमी तिकडं उतरायचो. मळेवाले खतासाठी रानात बसवून घ्यायचे. एका नाथाजीचा मळा व्हता इहिरीजवळ, भला माणूस."

नाथाजी म्हणजे संयोगिताचे वडील. मळा तोच. आणि मग, इतके दिवस ग्रंथालयात शोधून न मिळालेली गोष्ट तिच्यासमोर आपोआप येऊन उभी राहिली. ती अगदी लहान होती. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसली होती. तीन दगडांच्या चुलीवर एक बाई भाकरी थापत होती आणि तिच्याच वयाची एक पोर मेंढरांत पळत होती. पळताना छुमछुम वाजायचं. पोरीच्या एका पायात काळ्या दोऱ्यात पितळी घुंगूर होतं. मलाही तसलं पाहिजे म्हणून संयोगितानं आईपाशी हट्ट धरला होता आणि मार खाल्ला होता.

तिला सगळं लख्ख दिसलं, आणि त्याच क्षणी हेही दिसलं की हे सांगितलं तर काय होणार. गप्प बसता आलं असतं. म्हातारी आशेवर राहिली असती, ताट तसंच राहिलं असतं. कदाचित तेच बरं, असंही तिला वाटून गेलं. पण काउंटरमागं इतकी वर्षं काढलेल्या बाईला, पाकिटात काय आहे हे कळल्यावर, ते न सांगता हातात देणं जमेना.

"आजी, मी घुंगूर बनवलं नाही," ती हळूच म्हणाली. "मी ते पाहिलं होतं. नाथाजी माझे वडील. आमच्या मळ्यात एका पोरीच्या पायात होतं. मी विसरून गेले होते, आत्ता आठवलं."

आतून कुकरची शिट्टी झाली तरी माया जागची हलली नाही.

"ती माजी धाकटी," म्हातारी शेवटी म्हणाली. "मीच बांधलं व्हतं तिच्या पायात. अंबू हरवल्यापास्नं आमच्या घरात सगळ्याच पोरींच्या पायात बांधत्यात." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "म्हंजी माजंच माज्याकडं आलं फिरून. तिच्याकडनं काय न्हाईच आलं."

"नाही, आजी."

"माया, ताट आत ठिव."

मायानं ताट उचललं. नारळ गडगडला तो तिनं छातीशी धरला.

आता तानाजी बोलला. इतका वेळ दाबून धरलेलं होतं ते. "मग ते जुंधळ्याचं कुठनं आलं? ते बी बघितलं व्हतं?"

"नाही. ते मी रचलं. त्याला आधार काहीच नाही."

"मग काढून टाका. आमच्या आईवर आळ कशापायी? आवं, आमची पोरं उद्या वाचतील. जगाला काय सांगायचं, आमी इकलेल्या पोरीच्या दाण्यावर वाढलो म्हणून?"

बरोबर होतं त्याचं. संयोगिता म्हणणारच होती, की पुढच्या छपाईत बदलते, माफी लिहून देते, तुम्ही म्हणाल ते करते. तेवढ्यात म्हातारीनं हात वर केला.

"तानाजी, तुला धुळा म्हाईत न्हाई. मला म्हाईत हाय." मग संयोगिताकडं वळून ती म्हणाली, "धुळा म्हंजी अंबूचा भाऊ. माजा आजेसासरा. मी लगीन करून आले तवा त्यो लय म्हातारा व्हता, मीच त्याला भाकरी कुस्करून घालायचे. आदी आमची मेंढरं तिकडं कृष्णंकडं जात नव्हती. ती वाट त्यानं पाडली. दर साली नव्या गावात उतरायचं आन इच्यारायचं, पायात घुंगूर असल्याली पोर हितं कुणी आणली व्हती का. त्यो चाळीस वरसांचा झाला तरी पोरच इच्यारायचा. लोक हासायचे. ती आता बाई झाली आसंल, हे त्याच्या ध्यानातच यायचं न्हाई."

"त्यानं कधी सांगितलं का, कशी हरवली ते?"

"न्हाई. इच्यारलं की उठून जायचा. एकदाच बोलला. मी भाकरी घालत व्हते, बास म्हणाला. मी म्हणाले, आजून थोडी घ्या की, पोटभर जेवा. तर म्हणाला, पोटभर एकदाच जेवलो बाय, अंबू गेली त्या दिशी."

तानाजी उठला, जीपपर्यंत गेला आणि उगाच काच पुसत राहिला.

"हे कुणाला सांगितलं नव्हतं मी," हरणाबाई म्हणाली. "माज्या मालकाला बी न्हाई."

संयोगिता जेवूनच निघाली. न जेवता जाणं त्या घरात चाललं नसतं. म्हातारी समोर बसून बघत होती आणि बघता बघता तिनंही चार घास खाल्ले. स्टँडवर सोडताना तानाजी एवढंच म्हणाला, "चुकून रागानं बोललो आसंन." राग गेला होता असं मात्र त्याच्या तोंडावरून वाटलं नाही.

गाडी सुटली आणि करगणी यायच्या आतच ते सुरू झालं. धुळा कुठल्या वाटेनं उतरला असेल? त्या काळी मेंढरांना जंगलात मज्जाव होता का, चराईला काय पडायचं, नदीला उतार कुठं होते? घरी आई आणि तो, आणि मध्ये तो एक दिवस. ती दोघं पुढं एकमेकांशी कशी बोलली असतील? पोटभर जेवलेला अकरा-बारा वर्षांचा पोरगा म्हातारा होईपर्यंत अर्धपोटी कसा राहिला असेल? संयोगिताला स्वतःचीच भीती वाटली. एका म्हातारीची आशा मोडून ती निघाली होती, आणि डोकं मात्र नव्या गोष्टीची जुळणी करत होतं. तिनं कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. प्रश्न थांबले नाहीत.

तिनं आठवडाभर तग धरला. मग तानाजीला फोन केला. "मी धुळ्यावर लिहू का? तुम्ही नाही म्हणालात तर लिहिणार नाही."

"सांगतो," तो म्हणाला आणि काहीच कळवलं नाही.

ती साताऱ्याला गेली. जयराजनी चराईच्या कागदांचा गठ्ठा शोधून दिला. कुठल्या रानात मेंढरं कोंडली, कुठं दंड झाला, कुठल्या घाटानं कळप उतरले, हे त्यात होतं. धुळ्याचं नाव नव्हतं, असणारही नव्हतं, पण त्याच्या पायाखालची वाट तिला दिसायला लागली. ती लिहीत गेली. दर पानाला वाटायचं, हे फाडावं. जिवंत माणसांवर लिहायचं नाही म्हणून ती जुन्या काळात शिरली होती आणि जुन्या काळातून थेट एका ओट्यावर निघाली होती. गोष्ट पुरी झाल्यावर तिनं ती संपादकांना पाठवली नाही. तानाजीच्या मोबाइलवर पाठवली. त्यानं ती उघडल्याची खूण दिसली आणि त्यापुढं काही नाही. शिमगा झाला, पाडवा झाला. संपादक विचारत राहिले आणि ती टाळत राहिली. मोबाइल उघडून ती खूण बघायची तिला सवयच लागली. ऋषिराज म्हणाला, "नाही म्हणायचं असतं तर एव्हाना म्हणाला असता." तिला ते पटलं नाही.

वैशाखात हरणाबाई न्हाणीत पडली आणि मांडीचं हाड मोडलं. आटपाडीहून तिला मिरजेला आणलं. एका सकाळी काउंटरसमोर चिठ्ठी घेऊन तानाजीच उभा राहिला. संयोगितानं औषधं काढून दिली. तिनं काही विचारलं नाही. तोच बोलला.

"वाचली मी. दुकानात गिऱ्हाईक नसताना थोडी थोडी वाचली. मायानं बी वाचली." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पहिल्यांदा लय राग आला. मग वाटलं, त्या पोरानं एवढं चालून कुणाला सांगितलं न्हाई, तर आता कुणाला तरी कळू दे. जुंधळ्याचं ऱ्हाऊ द्या. गावाचं नाव तेवढं बदला."

"बदलते. आणि तुमच्या घरातली नावं?"

"अंबूचं ठिवा," तो म्हणाला. "म्हातारीनं सांगितलंय. उद्या आपरेशन हाय तिचं. येऊन जावा."

दुपारच्या सुट्टीत संयोगिता दवाखान्यात गेली. हरणाबाई खाटेवर आडवी होती, पायाला वजन लावलेलं. माया शेजारी मोबाइल घेऊन बसलेली. या वयात भूल झेपेल की नाही, हे डॉक्टरांनी नक्की सांगितलं नव्हतं, आणि ते खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. संयोगितानं म्हातारीचा हात हातात घेतला. तो थंड लागला.

"मायानं सगळी वाचून दावली मला," हरणाबाई म्हणाली. श्वास लागत होता, थांबून थांबून बोलत होती. "बरी हाय. पर लय चालवलंस गं त्याला. हितनं तितं, तितनं हितं. जरा बसव की कुठंतरी."

संयोगितानं मान हलवली. दुकानात परत आल्यावर तिचं कामात लक्ष लागेना. संध्याकाळी घरी जाऊन ती टेबलाशी बसली आणि गोष्टीच्या मधोमध अर्धं पान वाढवलं. कृष्णाकाठी एका बाभळीखाली मेंढरं बसली आहेत, आणि धुळा काठी बाजूला ठेवून, पाय लांब करून बसला आहे. तो काही विचारत नाही, कुणाकडं बघत नाही. नुसता बसला आहे.

ऑपरेशन निभावलं. महिन्याभरानं हरणाबाई काठीच्या आधारानं ओट्यापर्यंत यायला लागल्याचं मायानं कळवलं. मग संयोगितानं गावाचं नाव बदलून गोष्ट संपादकांकडं पाठवली.